जेवणाच्या पेटीतला तवा

आज सकाळी सलीमचाचा गेले. आणि जाण्याआधी दोन महिने मी त्यांना त्यांच्याच दुकानात परकं करून ठेवलं होतं.

हे लिहिणं भाग आहे. नाहीतर उद्या सगळे म्हणाल, 'तू किती केलंस रे त्यांच्यासाठी.'

कुरखेड्यात ज्यांची लग्नं डीजेच्या आधी लागली, त्यांना चाचा माहीत असणारच. भोंगे, ॲम्प्लिफायर आणि पत्र्याच्या चार पेट्या भरून रेकॉर्ड. ते त्यांना 'तवे' म्हणायचे.
भोंगे भंगारात गेले. तवे त्यांनी ठेवले.

मी कॉलेजपासून त्यांच्याकडे पडीक असायचो. कारण हिपहॉप.

तिकडे अमेरिकेतले रॅपर जुन्या रेकॉर्डमधला चार सेकंदांचा तुकडा कापतात, त्याचा वेग वाढवतात आणि त्याच्यावर अख्खं गाणं उभं करतात. त्याला सॅम्पल म्हणतात. त्यातले कितीतरी तुकडे आपल्याच हिंदी सिनेमातले असतात. मी ते मोबाइलवर घेऊन चाचांकडे जायचो.

पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा ते वैतागले.

"हे पोरगी काऊन चिरकून राह्यली? हळू कर तिले."

मी वेग कमी केला.

"आता पाय. पोरगी नाई, चांगली बाई आहे. थांब."

उठले, पेटीत हात घातला, न बघता एक तवा काढला, सुई ठेवली. तोच तुकडा! मी वेडा व्हायचा बाकी होतो.

न बघता, कारण त्यांचे तवे लग्नाच्या क्रमाने लावलेले होते. वरातीची पेटी, लग्न लागल्यावरची पेटी, जेवणाची पेटी, पाठवणीची पेटी. आधी वाजायचं ते पुढे, नंतरचं मागे. कव्हरं फाटलेली, लेबलं पुसट. भर मांडवात नाव वाचत बसायला वेळ कोणाला?

या उन्हाळ्यात मला एक तुकडा सापडला, ज्याचं मूळ गाणं नेटवर कुठेच नव्हतं. शुक्रवारी चाचांना ऐकवला. त्यांनी परत लावायला सांगितला. मग हसले.

"हे तर तुह्या बाबाचं गाणं होय."

"म्हणजे?"

"त्याच्या लग्नात तीनदा लावाले लावलं त्यानं. पंगत उठून गेली, आचारी गंज-भांडे घासून राह्यले, अन् नवरदेव म्हणते, सलीमभाऊ, अजून एक डाव!"

लाइट गेलेली होती. "रविवारी ये, लावतो," म्हणाले.

बाबा गेले तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. त्यांचा आवाज मला आठवत नाही. त्यांना काय आवडायचं हे कोणी सांगितलं तर मी हावऱ्यासारखा ऐकतो.

आईला विचारलं, कोणतं गाणं गं?

"मी खाली मान घालून बसली होती. मले काय माहीत? एकच गाणं घडीघडी वाजे, एवढं याद आहे."

शनिवारी चाचांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. तीन आठवडे गडचिरोलीला दवाखान्यात होते.

मला वाटलं, आपण काहीतरी करावं.

दुकानाची चावी मागून घेतली. एकेक तवा मऊ फडक्याने पुसला. नवी प्लास्टिकची कव्हरं घातली. भिंग लावून लेबलं वाचली आणि चारही पेट्या सिनेमाच्या नावाने लावल्या, अ पासून ह पर्यंत. फोटो टाकला होता मी इथेच. तुम्हीच लाइक केला होता.

चाचा घरी आले. मुलाने धरून दुकानात आणलं. मी मोबाइलवर तो तुकडा लावला. त्यांचे डोळे चमकले.

डावा हात सरळ जेवणाच्या पेटीत गेला. मधोमध. तवा काढला. बघितला. परत ठेवला. त्याच्या पुढचा काढला. मग मागचा. मग परत पहिलाच.

मग माझ्याकडे बघितलं.

मी पेन्सिल दिली. "चाचा, नाव लिहा ना." डाव्या हाताने एक वाकडी रेघ निघाली. त्यांनी पेन्सिल फेकून दिली.

जुन्या क्रमाचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. नवीनचे वीस होते.

मी तिथेच रडलो. चाचांनी हात हवेत उडवला. 'जाऊ दे' म्हणाले की 'निघ इथून' म्हणाले, मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर ते दुकानात आले नाहीत.

मग मी दुकानातला प्लेअर आणि एकेक पेटी घरी आणून ऐकायला लागलो. दोन्ही बाजू, ऑफिसातून आल्यावर, लाइट असेल तेवढा वेळ. जाता-येता त्यांच्या खाटेपाशी थांबायचो. ते बघायचे. मी मानेनेच 'नाही' म्हणायचो. ते भिंतीकडे तोंड करायचे.

आज दुपारी माती देऊन आलो. आंघोळ केली. काय करावं सुचेना, म्हणून पेटी उघडली. झाकणावर त्यांच्या हाताने रंगवलेलं 'जेवण' अजून आहे.

पुढून चौथा तवा. दुसरी बाजू.

बाई गायला लागली. हळू, तिच्या स्वतःच्या वेगाने.

आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"हेच," म्हणाली. बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "सलीमभाऊले आयकवलं का?"

मी कुठून आलो ते तिला माहीत होतं. तरी तिच्या तोंडून निघून गेलं.

"नाई," मी म्हणालो.

तिने सूप बाजूला ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. मी सुई परत सुरुवातीला नेली.

चाचा, तीनदा लावलं. पूर्ण.

तुमचे तवे तुमच्यासारखे परत लावणं मला या जन्मात जमणार नाही. माफ करा.

सलाम, चाचा.