उन्हात नेलेला सूक्ष्मदर्शक
नातीच्या गुडघ्याला आयोडीन लावताना त्या वासानं धुळ्याच्या शाळेतली एक दुपार आठवली. मी अकरावीला जीवशास्त्र शिकवत असे. वर्गाला सूक्ष्मदर्शक एकच, त्यामुळे आयोडीननं रंगवलेल्या कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी एकेकीला दाखवता दाखवता दिवस कलला आणि माझे पाय भरून आले. शेवटच्या मुलीची पाळी आली तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं. तिला नुसता अंधार दिसला. तिचं लग्न ठरलं होतं, शाळेचा तो तिचा शेवटचा दिवस. न्यायला आलेले वडील दारातून म्हणाले, “बाई, आते जाऊ द्या तिले, मोटार निंघी जाई.” मी सूक्ष्मदर्शक उचलून बाहेर उन्हातल्या पायरीवर नेला. तिनं डोळा लावला तो बराच वेळ काढलाच नाही. “केंद्रक दिसलं. पण पुस्तकातल्या तंतुकणिका कुठे आहेत, बाई?” “त्यांना याहून भारी सूक्ष्मदर्शक लागतो, कॉलेजात गेलीस की बघशील,” मी सवयीनं बोलून गेले; दरवर्षी सगळ्यांना हेच सांगायची. ती “बरं” म्हणाली आणि वडिलांच्या मागे निघाली. मी तिथंच पायरीवर बसून राहिले. पुढे कित्येक वर्षं शिकवलं, पण ते वाक्य पुन्हा कुणाला सांगवलं नाही.