बियाण्याचे कांदे

माणूस आणि माकड यांचा पूर्वज एकच, हे मला कळलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि जणू ते मीच शोधून काढलं अशा थाटात वावरत होतो. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. आमच्या कुरुळी गावातून पुण्याच्या कॉलेजात जाऊन जीवशास्त्र शिकणारा मी पहिलाच. सुट्टीला एस.टी.तून उतरलो की ट्रंक ओट्यावर टेकवायच्या आधी मी कुणाशी तरी वाद उकरून काढायचो. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, ते उगाच नाही.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते चौथी शिकलेले, पण दर शनिवारी मारुतीच्या देवळात पोथी वाचायचा मान त्यांचा. दुसरा मान कांद्याच्या बियाचा. चाकणच्या बाजारात जाणारा कांदा गावातले सगळेच पिकवत, पण निम्म्याहून अधिक घरांत बी जायचं ते आबांचं. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, हा आमच्या घरचा आजोबांपासूनचा रिवाज होता.

ते बी तयार करायची त्यांची एक रीत होती. उन्हाळ्यात कांदा काढला की बांबूच्या ताट्यांमध्ये त्याची रास रचायची; तिला आमच्याकडे आरण म्हणतात. पावसाळाभर त्यातले कांदे सडत, कोंब काढत. आबा दिवाळीपर्यंत थांबत. मग उरलेल्या राशीपाशी बसून एकेक कांदा हातात घेऊन बघत. मान बारीक हवी, साल घट्ट हवी, कोंबाचा मागमूस नको. शेंडा कापल्यावर आत एकच डोळा दिसला पाहिजे. दोन दिसले की तो जोडकांदा बाद. तीन-तीन दिवस हे चालायचं आणि शंभरातले जेमतेम दहा त्यांच्या पाटीत पडायचे. ते दहा पुन्हा जमिनीत लावले की त्यांना फुलांचे दांडे येत आणि उन्हाळ्यात काळं बी मिळे.

"पावसाळा ज्यानं काढला, त्योच बियाला," आबा म्हणायचे. "द्येवानं राखल्याला आपुन फकस्त उचलायचा."

त्या दिवाळीच्या सुट्टीत एका शनिवारी मी मुद्दाम देवळात गेलो. पोथी संपली, प्रसाद वाटून झाला, आणि मी सगळ्यांसमोर विषय काढला. म्हटलं, ही सृष्टी कुणी बसून घडवलेली नाही, ती आपोआप बदलत आली आहे. मंडळी आबांकडे बघू लागली. आबा म्हणाले, "कांदाच बघ की. पापुद्र्यावर पापुद्रा, मधी वारा शिरायला जागा न्हाई. घडवणाऱ्याबिगर आसं हुतंय व्हय?"

मी याचीच वाट बघत होतो. "मग सडका कांदा कुणी घडवला? जोडकांदा कुणाचा? तुम्हीच शंभरातले नव्वद टाकून देता. तुमच्या देवाचा हात इतका चुकतो होय?"

लोक हसले. तरणी पोरं तर टाळ्या पिटून हसली. आबांनी पोथी फडक्यात बांधली, गाठ नीट बसली का ते बघितलं आणि म्हणाले, "तुझ्यावानी बोलाय येत न्हाई मला." घरी येताना ते माझ्यापुढे चार पावलं चालत होते. मला त्यांची पाठ दिसत होती आणि मी खुशीत होतो. आज हे लिहितानाही कान गरम होतात.

दोनच दिवसांनी त्यांच्या पायावरून बैलगाडीचं चाक गेलं. हाड मोडलं नव्हतं, पण पाऊल भोपळ्याएवढं सुजलं आणि ते बाजेला खिळले. बियाण्याची निवड राहिली होती. मला जवळ बोलावून म्हणाले, "औंदा तू निवड. तुला ठाव हाय समदं. घाई करू नको."

मला घाई होती. सुट्टी संपताच पुण्यात कॉलेजांची वक्तृत्वस्पर्धा होती आणि विषय होता, 'सृष्टीला कर्ता आहे काय?' भाषण पाठ व्हायचं होतं. मी आरणीपाशी बसलो. सडक्या कांद्याच्या वासाने डोकं उठलं. तासाभरात पाटीचा तळही झाकला नाही. मग मी मोठाले, डोळ्यांत भरणारे कांदे भराभर उचलू लागलो. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा जोडकांदेही सोडले नाहीत आणि कोंब आलेलेही घेतले. जमिनीत गेल्यावर कोंबच तर यायचा, मग ज्याला आधीच आला तो काय वाईट, अशी मी स्वतःची समजूत घातली. शेंडे छाटले तसे कोंबही गेले. आता कुणाला काही ओळखू येणार नव्हतं.

"कोंबाचं टाकलंस न्हवं?" आबांनी बाजेवरूनच विचारलं.

"टाकले."

"आन् जोड?"

"तेही टाकले."

दुसऱ्या दिवशी गड्यांनी ते कांदे लावून टाकले आणि मी पुण्याची एस.टी. पकडली.

स्पर्धेत पहिला आलो. माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून कबुतरं कशी बदलली, कुत्री कशी बदलली, आणि माणसाचा हात जे करतो तेच निसर्ग संथपणे कसं करतो, हे मी हातवारे करून सांगितलं. 'निवड' हा शब्द त्या दहा मिनिटांत किती वेळा उच्चारला असेन! बोटांना कांद्याचा वास अजून येत होता. तरी माझ्या डोक्यात एवढासाही प्रकाश पडला नाही.

उन्हाळ्यात बी निघालं, रिवाजाप्रमाणे घरोघर गेलं. त्याचा कांदा पुढल्या उन्हाळ्यात काढून सगळ्यांनी आरणी लावल्या. आषाढ लागला आणि आरणींना कोंब फुटू लागले. एकट्या आमच्या नाही, ज्यांनी ज्यांनी आबांचं बी नेलं होतं त्या सगळ्यांच्या. निम्मे कांदे जोड, जाड मानेचे. परीक्षा देऊन मी तेव्हा घरीच होतो. लोक ओट्यावर येऊन बसत. कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. एका म्हाताऱ्याने कोंबाळलेला कांदा आबांच्या हातात ठेवला आणि विचारलं, "आबा, औंदा कसं काय वो झालं?"

"माझंच चुकलं," आबा म्हणाले. निवड पोराने केली होती, हे त्यांनी एकालाही सांगितलं नाही.

मला मात्र तिथेच, दाराच्या चौकटीला टेकून उभा असताना, लख्ख कळलं. मीच निवड केली होती, आणि नेमकी उलटी. कांद्याचं बी वर्षापलीकडे टिकत नाही, म्हणजे जुनं बी कुणाच्या घरी शिल्लक असणंही शक्य नव्हतं. आजोबांपासून राखलेलं आमच्या बियाचं नाव मी एका दुपारी घालवलं होतं. तेव्हा पुढे होऊन बोलायला हवं होतं. जीभ उचलली नाही. लाज वाटली, आणि लाजेहून भीती जास्त वाटली. पुढच्याच महिन्यात मी मास्तर म्हणून रुजू होणार होतो, गावात माझं कौतुक चाललं होतं.

त्या शनिवारी आबा देवळात गेले नाहीत. पोथी खुंटीलाच राहिली. मी विचारलं, बरं वाटत नाही का? ते बाजेवर बसून पायाचा घोटा चोळत होते.

"इचार करतोय," ते म्हणाले. "इतकी वरसं म्हनत आलो, राखणारा हाय. आसता तर बी राखलं नसतं का त्यानं? म्या सांगितल्यापरमानंच तू निवडलंस. माझ्याकडनं कसूर न्हाई, तुझ्याकडनं न्हाई. मग तुझंच खरं म्हनायचं. वर कुनी न्हाई." त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. शिकलेल्या माणसाला विचारावं तसं ते मला विचारत होते. "खरं ना?"

सगळं ठाऊक असलेला त्या घरातला मी एकटाच. मी म्हणालो, "हो."