बर्फखोलीतला घण

गोवर्धनचा हात जड. रिद्धपूरकडच्या शेतात संत्र्यांची वाळकी झाडं फोडून कमावलेला तो हात अमरावतीच्या एका कारखान्यात कामी आला. तिथं बर्फाळ मुलखासाठी हेल्मेट बनत. आतून लोकर, वरून टणक कवच. बर्फखोलीत उणे चाळीसला ती गोठवायची, मग ऐरणीवर ठेवून घण घालायचा. फुटलं नाही की त्या खेपेवर गोवर्धन आपल्या नावाचा शिक्का मारी. दिवसभर डोकी फोडायचं काम म्हणा ना! मुलगा शिवम लडाखात रस्त्यावरचा बर्फ हटवायच्या कामावर होता, म्हणून बाप घण मारताना हात राखत नसे.

आता वऱ्हाडातल्या माणसाला ती थंडी सोसते होय? बर्फखोलीत कुणी टिकेना, म्हणून ऐरण बाहेर कडुलिंबाखाली मांडलेली. हेल्मेट हातगाडीवरून तिथं येत आणि उन्हाळा लागल्यापासून एकही फुटलं नाही. सगळे खूश. मे महिन्यातल्या एका दुपारी गोवर्धननं ऐरणीवरचं हेल्मेट हातात घेतलं, तर ते चक्क कोमट! म्हणजे बर्फखोलीतला गारठा ऐरणीपर्यंत पोचतच नव्हता. त्यानं ऐरण ओढत बर्फखोलीत नेली आणि घण घातला.

पहिल्याच घावात कवचाच्या ठिकऱ्या उडाल्या. एक तुकडा कपाळात घुसला. रक्त डोळ्यांत उतरलं तरी तो थांबला नाही. दुसरं फुटलं, तिसरं फुटलं.

"काका, काय करून राहिले तुमी? गाडी भरून उभी हाये!" देखरेखीवरचा विपुल धावत आला आणि त्यानं घण धरला. गोवर्धननं त्याची गचांडी धरून त्याला भिंतीवर आदळलं, गोठलेलं हेल्मेट त्याच्या डोक्यात कोंबलं आणि घण उगारला.

"पास हाये ना? मंग उभा राय!"

विपुलनं किंचाळत हेल्मेट भिरकावलं. "मारू नका, काका! नाही पाठवत गाडी."

"अन् गेल्या महिन्यात गेली, तिचं काय?"

गोवर्धननं रक्ताळल्या बोटांनी शिवमला फोन लावला.

"बाबा, नवं हेल्मेट भेटलं मले!" पोरगा खुशीत होता. "दुसऱ्या कारखान्याचे बी होते. पण तुमच्या नावाचा शिक्का दिसला, मंग भांडून हेच घेतलं."

"फेक थे! दुसरं घाल!"

"काहून? तुमीच पास केलं ना?"

"हो, मीच केलं," गोवर्धन रडत ओरडला. "फेक म्हणतो ना!"