बाळंतविड्यातली गोधडी

ये गो, जवळ बस. कागदावर का होईना, पण जवळ. आणि आधी मामीची बोलणी खा. तपासणीला येणार नाय, असं आईला परस्पर सांगून मोकळी झालीस? मैत्रीण काहीतरी बोलली नि तू घाबरलीस. अगो, झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालंय. ते ऐक, मग ठरव.

तू जन्मलीस तेव्हा मी मुरबाडच्या वाटेवर एका शेडमध्ये कामाला जायची. गॅसबत्तीत पांढरी जाळी असते ना, मेंटल म्हणतात तिला, ती आमी बनवायचो. म्हसा गावच्या जत्रेत दुकानं उजळायची ती असल्याच जाळ्यांनी. विणलेली जाळी औषधाच्या पाण्यात बुडवायची, वाळवायची, तोंडाशी दोरा ओवायचा. दोरा तोडायचा दातांनी. त्या पाण्यात थोरियम असतं, त्यातून न दिसणारे किरण निघतात, हे कुणाला ठाऊक होतं?

खराब निघालेल्या जाळ्या घरी न्यायला मुभा होती. सासूबाईंनी, म्हणजे तुझ्या आजीनं, त्या धुतल्या, जुन्या लुगड्याच्या थरांमध्ये घातल्या नि गोधडी शिवली. लेकीचं पहिलं बाळंतपण, मग बाळंतविड्यात माहेरची गोधडी नको?

पुढे काही महिन्यांनी मुंबईहून एक संशोधक बाई आल्या. असल्या कामाचा अंगावर काय परिणाम होतो, ते त्यांना तपासायचं होतं. किन्हवलीत एका खोलीत बसून त्या आमचा श्वास नळीतून पिशवीत भरून घ्यायच्या. थोरियम अंगात गेलं असेल तर श्वासात सापडतं म्हणे. आमच्यातली एक म्हणाली, "एवढं चुलीत फुंकलं असतं तर भात शिजला असता गो!"

बाई म्हणाल्या, "नुसतं तुम्हाला तपासून कळणार नाही. तुमच्याच वयाची, तुमच्यासारखीच राबणारी, पण या कामाशी कधीच संबंध न आलेली बाईही हवी. दोघींची तुलना करायची."

मी लगेच तुझ्या आईला पुढे केलं. शेणव्यात सासरी शेतात राबणारी, शेडचं तोंडही न पाहिलेली.

आमी गेलो तर ती तुला घेऊन ओटीवर बसलेली. बाईंनी किरण मोजायच्या यंत्राचं खोकं सुरू केलं. मधूनच एखादी टिक वाजायची. तुझ्या आईजवळ नेलं नि ते टिकटिकतच सुटलं. बाई गोंधळल्या. म्हणाल्या, "बाळाला जरा मामीकडे द्या." तू गोधडीसकट माझ्या मांडीवर आलीस, मागोमाग टिकटिकही आली. मग त्यांनी तुला एकटीला उचलून पार अंगणात नेलं. टिकटिक गोधडीतच राहिली.

"हिच्यात काय भरलंय?"

"माझ्या आयची माया भरलीय, दुसरं काय!" तुझी आई फणकारली.

मी सांगितलं काय भरलंय ते. तुझी आई म्हणाली, "वयनी, साधी बाई दाखवायला यांना आणलंत नि माझ्या पोरीला टिकटिक लावून दिलीत?" बोलता बोलता हसली, नि हसता हसता रडली. उठून गोधडी चुलीत घालायला निघाली, तेव्हा बाईंनी हात धरला. "जाळू नका, धुरातून पसरेल." पिशवीत घट्ट बांधून त्या ती घेऊन गेल्या.

जाताना तुझ्या आईनं विचारलंच, "पोरीला काय होईल?"

"खोटा धीर देणार नाही ताई. किरण थोडेच आहेत. पण तान्ह्या बाळाला पुढे काय होतं, ते आम्हालाही पक्कं ठाऊक नाही. बघत राहावं लागेल."

तुझी आई काही तुलनेत धरता आली नाय. मला वाटलं, बाईंची फेरी फुकट गेली. तर त्या म्हणाल्या, "फुकट कशी? कधी शेडमध्ये न गेलेल्या बाईपर्यंतही हे पोचतं, हे आज कळलं." त्यावर मी फार विचार केला. संध्याकाळी हातपाय धुऊन घरात शिरायची, म्हणजे काम बाहेरच राहिलं, असं मी धरून चालले होते.

आता ती शेड नाय, तुझी आजीही नाय. पण त्या बाई परत आल्यात, मला नि तुला तपासायला; केस पिकलेत त्यांचे. मी श्वास देऊन आले. काय निघेल ते निघेल. तू कॉलेजात जातेस, धडधाकट आहेस. तपासलं म्हणून रोग चिकटत नाय गो, नि नाय तपासलं म्हणून जातही नाय. 'पोरीला काय होईल?' असं तुझ्या आईनं तेव्हा विचारलं, त्याचं उत्तर दुसऱ्या कुणाच्या श्वासात कसं सापडेल?

बाई अजून आठवडाभर किन्हवलीत आहेत. तू नळीत फुंकशील तेव्हा मी शेजारी बसेन. आईला घे नि लवकर ये. आधी घरी, माझ्याकडे.