दोन्हीकडे पाय टाकून

थंडी ही सोसायचीच असते, असं आमच्याकडे सगळे मानत. मार्गशीर्ष लागला की माझी बोटं आखडायची, शाळेत फळ्यावर खडू धरवायचा नाही. डॉक्टरांनी लोकरीचे हातमोजे सांगितले. हातमोजे घालून खडू कसा धरायचा, ते सांगितलं नाही. चाळिशी ओलांडल्यावर एका दिवाळीत मी ठरवलं, यंदा थंडी सोसायची नाही. ती येईल तेव्हा आपण इथं नसायचं.

मुलगी लग्न होऊन सासरी गेली होती. माझी रजा साठली होती. येरमाळ्याजवळच्या वाशीत आमची पिठाची गिरणी होती, आणि गिरणीचं इंजिन स्वतः उघडून दुरुस्त करणाऱ्या माझ्या यजमानांनी लष्कराची मोडीत निघालेली एक फटफटी सोलापूरहून आणून वर्षभर खपून चालती केली होती. नकाशावर बोट खाली खाली नेत आम्ही लंकेवर थांबलो. तिथं पौषातही पंखा लागतो, असं वाचलं होतं.

मी कामाला लागले. पासपोर्टासाठी खेटे घातले. रामेश्वराकडे समुद्रावर फक्त रेल्वेचा पूल आहे, तेव्हा तिथं फटफटी मालडब्यात चढवायची आणि पुढं बोटीवर, हे पत्रं पाठवून पक्कं केलं. सामानाचे तीन ढीग केले: लागणारच, लागलं तर, आणि लोक म्हणतात म्हणून. तिसरा ढीग उचलून परत कपाटात ठेवला. पहिल्यात पंक्चरचं सामान, पाने, जादा प्लग, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. प्लग काढून घासून परत बसवायला मी शिकले. बोटं काळी झाली, पण चालत होती.

अडचण आली ती बसण्याची. येरमाळ्यापर्यंत एकदा जाऊन बघू म्हणून निघालो. पाचवारी पातळ नेसून, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, जशा शहाण्या बायका बसतात तशी मी मागं बसले. एका खड्ड्यात गाडी उडाली आणि मी खडीवर. यजमान पुढं बोलत बोलत निघून गेले. उत्तर येईना तेव्हा कुठं त्यांनी वळून पाहिलं.

"अगं, सांगायचं नाही का?" परत येऊन ते म्हणाले.

"पडता पडता सांगायला हवं होतं," मी म्हणाले.

कोपर सोलवटलं होतं. ते धूत असतानाच माझा विचार झाला. लंकेपर्यंत असं लोंबकळत जाणं शक्य नाही. नऊवारी नेसायची, काष्टा घालायचा आणि दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. आमच्या शिवारातल्या बाया काष्टा मारून झाडावर चढतात, विहिरीत उतरतात. मग फटफटीला काय झालं?

शाळेतल्या मोठ्या बाईंना नऊवारी गावंढळ वाटली. "इतकी शिकलीस आणि परत लुगड्यात?" घरच्यांना काष्टा चालत होता, पण पाय चालत नव्हते. ईट गावाहून मोठे दीर आले. आमच्या मागं गिरणी तेच बघणार होते. थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलत नसे, म्हणून मी दाराआड उभी असताना ते यजमानांशी बोलू लागले.

"कालपरवापर्यंत बार्शीला जायचं तर करोडगिरीच्या नाक्यावर जकातीसाठी गाठोडं उघडून दाखवावं लागायचं. आन् आता ही लंकेला! जाऊ दे, जा म्हणावं. पर टांग टाकून न्हाय. तिला सांग."

यजमान माझ्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "तू मद्रासपर्यंत आगगाडीनं येतेस का? तिथं भेटू."

"मग सामानाबरोबर मलाही मालडब्यात टाका."

"तिला सांग," दीर आवाज चढवून म्हणाले, "अशी बसणार आसल तर गिरणी म्या बघणार न्हाय."

मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि दारातून आत आले. "भाऊजी, मी इथंच आहे. मलाच सांगा. तुम्ही बघणार नसाल तर गिरणी बंद राहील."

ते भिंतीकडे बघायला लागले. "चालती गिरणी बंद?"

"चालती माणसं बंद ठेवण्यापेक्षा बरं."

संध्याकाळी यजमानांनी मागच्या सीटखाली, दोन्ही बाजूंना, पाय ठेवायला लोखंडी दांडी जोडून घेतली. मला तेवढं पुरे होतं.

गिरणीच्या दारावर मी खडूनं लिहिलं: संक्रांत होईपर्यंत बंद, दळण आधीच नेणे. मग रांग लागली. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायांना पिठापेक्षा बातमी हवी होती.

"बाई, खरंच लंकेला? अवं, सीतेला पळवून न्यावं लागलं. तुमी तर आपल्या पायानं चाललाय!"

"पायानं न्हाय गं, फटफटीनं," दुसरी म्हणाली.

"सीतेला कुणी विचारलं नव्हतं," मी म्हणाले. "मलाही कुणी विचारलं नाही. मीच विचारून मीच हो म्हटलं."

त्या इतक्या हसल्या की एकीचं पीठ सांडलं.

निघायच्या सकाळी यजमानांनी शेवटचा तोडगा काढला. "आज बाजार आहे. तू वेशीपर्यंत चालत ये. तिथून गाडीवर बस."

"इथूनच बसते."

"सगळं गाव जमलंय."

"मग बरंच आहे. एकदाच दिसेल सगळ्यांना."

मी पाय टाकून बसले. दांडीवर तळवे टेकले, सीटची कड दोन्ही हातांनी धरली. गाडी बाजारातून निघाली. कोंबड्या पांगल्या, कुणी शिट्टी मारली, मिरच्या विकणारी म्हातारी उभी राहून बघायला लागली. बैलबाजाराच्या कडेला मोठे दीर उभे होते. आम्ही त्यांच्या अगदी समोरून गेलो. वाऱ्यानं डोक्यावरचा पदर खाली आला. तो सावरायचा तर एक हात सोडावा लागला असता.

मी हात सोडला नाही.