वारा, बॅटरी, जागा, उंची

परवा नेरजवळ मामेभावाच्या तुरीत ड्रोनने फवारणी होती. पायलट त्याचीच मुलगी, प्रणाली... रीतसर ट्रेनिंग घेतलेली. मी हौशी प्रेक्षक.

ड्रोन उतरवण्याआधी ती चार शब्द मोठ्याने म्हणते. वारा, बॅटरी, जागा, उंची. एकेक शब्द म्हणायचा आणि ते ते डोळ्यांनी बघायचं... संस्कृत पाठशाळेत वाढलेल्या माणसाला हे फारच आवडलं.

आवडलं की मी बोलतो, हा माझा जुना आजार. तिचं “वारा... बॅटरी...” झालं आणि मी प्राचीन विमानविद्येवर व्याख्यान सुरू केलं. पोरगी सुसंस्कृत, “हो ना काका” म्हणून हसली. मग रिमोटच्या पडद्याकडे बघत थेट म्हणाली, “उंची,” आणि ड्रोन आपोआप उतरायचं बटण दाबलं.

जागा राहिली.

उतरायची जागा तिने सकाळी स्वच्छ झाडून ठेवली होती. अख्ख्या शेतात तेवढीच बसण्यासारखी... म्हणून ड्रोन लांब फवारत असताना वहिनींनी, म्हणजे तिच्या आईने, नेमकी तिथेच शिदोरी सोडली होती. आम्हा दोघांची तिकडे पाठ.

पंख्यांच्या वाऱ्याने भाकरीचं फडकं उडालं, तेव्हा प्रणालीने मागे पाहिलं. ड्रोन वहिनींच्या डोक्यावर दोन पुरुष उंचीवर...

“माय, सरक!”

तिने ड्रोन तसाच बाजूला ओढला. तो धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आपटला, एक पातं मोडलं. वहिनी धुळीने माखलेल्या, पण धडधाकट... आणि पहिला प्रश्न मला, “भाऊजी, तुमी कायले बोलून राह्यले होते तिच्यासंगं?”

मी उडालेलं फडकं आणायला धावलो.

प्रणालीने ड्रोन सगळीकडून तपासला. मग नवं पातं बसवलं, पाणी प्यायली आणि ड्रोन पुन्हा उडवला.

उतरवायची वेळ आली. मी तोंड घट्ट मिटून उभा. “वारा... बॅटरी... जागा...” आणि मला शिंक आली.

ती थांबली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, “काका, आता पयल्यापासून.” मध्येच खंड पडला की आमचे गुरुजीही अध्याय पहिल्यापासून म्हणायला लावायचे. तेव्हा आम्ही कुरकुरायचो...

“वारा. बॅटरी. जागा.” ती वळली. लांब धुऱ्यावरून वहिनींनी भाकरी धरलेला हात उंच केला. मग “उंची,” आणि ड्रोन अलगद टेकला.

शिकवण्यात माझी उमर गेली. गप्प कधी बसावं, हे मात्र परवा तुरीत शिकलो. प्रणाली, तुझे आभार... हे लिहून कळवतोय, बोलून नाही.