कितवा मजला

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या शेजारपाजारचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. त्यामुळे माझ्या धाकट्या भावाची ही गोष्ट मी अजून पोटात ठेवली आहे, यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही त्याच्या मुलीला ओळखत नाही.

भाऊ जन्मभर लिफ्टमन होता. जुन्या कचेरीच्या इमारतीतली लिफ्ट, जाळीचं दार, आत पितळी दांडा आणि कोपऱ्यात त्याचं स्टूल. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्याला लिफ्टमामा म्हणायचे. माणूस आत आला की हा विचारणार, "कितवा मजला?" रोजच्या माणसांनाही विचारायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, तुला पाठ आहेत ना सगळ्यांचे मजले?" तर म्हणतो, "विचारलं की माणूस एक शब्द तरी बोलतो, ताई."

आणि हाच माणूस घरी आला की मूग गिळून बसणार. त्याची बायको गेली तेव्हा मुलगी शाळेत होती. दोघं माझ्याकडे राहायला आली. मी एकटीच होते. माझं आणि नवऱ्याचं का पटलं नाही ती वेगळी रामकहाणी आहे, ती सोडा. पोरीला मीच वाढवलं, वेण्या घातल्या, धपाटेही घातले. ती शिकली आणि नोकरीला लागली ती थेट परदेशात. विमानाने चार-पाच तासांवरचं शहर, सगळ्या काचेच्या इमारती, आणि हिचं घर इतक्या उंचावर की फोटो बघतानाच मी खुर्ची घट्ट धरली.

मग कचेरीत नवी लिफ्ट आली. बटण दाबा आणि जा. लिफ्टमामाला भिंतीवरचं घड्याळ दिलं, कुणीतरी चार शब्द बोललं, संपलं. तेव्हापासून हा खिडकीशी बसून असायचा. दारावरची बेल वाजली की माझ्याआधी उठायचा. दूधवाल्याचं आणि त्याचं काय काम, पण दार हाच उघडणार.

पोरीचा फोन आला. "आत्या, बाबांना कायमचं माझ्याकडे आणते. पण मी दिवसभर ऑफिसात असते गं. त्यांना इथे एकट्याने वावरता आलं पाहिजे. आधी चार दिवस येऊन बघू देत."

म्हणजे परीक्षाच होती ती, आणि भावाला ते बरोबर कळलं होतं. त्याला पोरीजवळ राहायचं होतं, बस. दुसरं काही त्याने जन्मात मागितलं नाही. जायच्या आधी आठवडाभर तो शर्टांना इस्त्री करत होता, केलेल्यांनाच पुन्हा. मला म्हणाला, "ताई, एकदा तिला पटलं की मी तिला जड होत नाही, की झालं." माझं मागे काय होणार, हे कुणी विचारलं नाही. मी आपल्या त्याच्या शर्टांच्या घड्या घालून दिल्या.

गेला बिचारा एकटा विमानात बसून. पोरगी तिथल्या विमानतळावर आणायला आली होती. पहिल्या दिवशी तिने रजा काढली, सगळं दाखवलं. त्याच्या खोलीला नवे पडदे लावले होते, नव्या सपाता आणून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बरोबर घेऊन खाली उतरली, हातात घराची किल्ली आणि पैसे भरायचं एक कार्ड दिलं आणि म्हणाली, "बाबा, छान फिरून या. कंटाळा आला की वर जाऊन पडा." आणि गेली कामावर.

आता पुढचं त्याने मला सांगितलं ते एका दमात नाही. एकेक शब्द पक्कड लावून उपटावा लागला. इमारतीखाली बाग होती, तिथे तो बाकावर बसला. शेजारी त्याच्याच वयाचा एकजण होता. हा हसला, तोही हसला आणि उठून गेला. मग हा चहा घ्यायला गेला तर दुकानात माणूसच नाही, नुसतं यंत्र. कार्ड टेकवलं, पेला खाली आला. पाट्यांवरचं एक अक्षर वाचता येईना. सिग्नलला ही गर्दी, पण कुणाचा कुणाला धक्का नाही. "ताई," तो म्हणाला, "इतकी माणसं आणि काही आवाज नाही. माझा खोकलाच मला मोठा वाटायला लागला."

दुपारी तो परत आला. तिथल्या लिफ्टला आत बटणंच नाहीत. बाहेर भिंतीवर काच असते, तिच्यावर आपला मजला दाबायचा, मग लिफ्ट येते आणि नेऊन सोडते. पोरीने आदल्या दिवशी त्याच्यासमोर दाबला होता. पण हा इतक्या दिवसांनी लेकीला बघत होता, भिंतीकडे कशाला बघेल? आणि दुसरं म्हणजे, जन्मात याने लिफ्ट कधी बाहेरून बोलावलीच नव्हती. हा कायम आत. माणसं चढली तसा हाही चढला आणि सवयीने दाराजवळच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. हात दांड्याकडे गेला, तर नुसती गुळगुळीत भिंत. माणसं आपापल्या मजल्यावर उतरली, हा आतच. लिफ्ट पुन्हा खाली.

"मग कळलं कधी तुला?" मी विचारलं.

"दुसऱ्याच फेरीला. एक बाई बाहेर काचेवर बोट लावताना दिसली."

"मग घरी का नाही गेलास?"

"घरी कोण होतं?"



तर हा दुपारभर त्या लिफ्टमध्ये उभा होता. एक बाई बाळाची गाडी घेऊन आली, याने हाताने दार अडवून धरलं, तिने मान लववली. एकजण खोकी घेऊन आला, त्याला जागा करून दिली. एक लहान मुलगी याच्याकडे बघून हसली. माणसं जवळ उभी राहायची, कधी खांद्याला खांदा लागायचा. एका म्हाताऱ्याला याने हळूच विचारलंसुद्धा, "कितवा मजला?" तो त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. हे सांगताना माझ्या भावाचं तोंड असं उजळलं होतं की मला बघवेना.

शेवटी रखवालदाराला कॅमेऱ्यात दिसलं. त्याने पोरीला फोन केला. ती चालू मीटिंग टाकून धावत आली. खाली दार उघडलं, चार माणसांबरोबर तीही आत शिरली, केस विस्कटलेले, धाप लागलेली. आणि याच्या तोंडून निघून गेलं, "कितवा मजला?"

पोरगी तिथेच रडायला लागली. दंड धरला त्याचा. "बाबा, कळलं नाही का तुम्हाला? मला फोन का नाही केलात?"

कळलं होतं, एवढंच म्हणायचं होतं त्याला. पण मग आतच का थांबलो, तेही सांगावं लागलं असतं. नवे पडदे लावणाऱ्या लेकीला कोणत्या तोंडाने सांगणार, की तुझ्या घरात मला एकट्याला बसवत नाही? तो म्हणाला, "नाही गं. तुमची ही नवी लिफ्ट मला काही जमली नाही."

उरलेले दिवस तिने रजा काढली. लिफ्टमध्ये शिरताना त्याचा हात धरायची. मोठ्याने, सावकाश बोलायची, लहान मुलाशी बोलतात तसं. याने सगळं करून घेतलं.

तो परत आला तेव्हा मला आनंद झाला. सरळ सांगते, झाला. त्याच्या बॅगेत ते घडी केलेले शर्ट बघितले आणि मग त्या आनंदाची लाजही वाटली. चिडून म्हटलं, "मूर्खा, खरं सांगितलं असतंस तर तिने काहीतरी मार्ग काढला असता."

"तेच नको होतं," तो म्हणाला. "नोकरी सोडून माझ्याजवळ बसली असती ती. त्यापेक्षा बापाला लिफ्ट कळत नाही, हे तिला सोसेल. ताई, तिला सांगू नकोस."

परवा पोरीचा फोन आला. भाऊ समोरच खिडकीशी बसला होता. "आत्या, मी खूप विचार केला," ती म्हणाली. "बाबांना इथे एकटं ठेवायचं धाडस होत नाही गं. एवढी वर्षं लिफ्ट चालवली त्यांनी, आणि आता... वय झालं ना त्यांचं?"

भावाने माझ्याकडे बघितलं. सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं.

"हो बाई," मी म्हटलं, "वय झालं. लिफ्ट काही त्याला जमायची नाही."

त्याने मान डोलावली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला.